छावणीतली नाईट सफारी आणि विहिरीतलं तरस

त्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतली तीन कुटुंबं वाघ बघून आली. तिन्ही कुटुंबांना वाघ दिसला. फोटो आले. प्रत्येक फोटोत वाघ रुमालाएवढा आणि जीपमधला मेव्हणा वाघाएवढा. माझा नवरा मिलिंद ते फोटो दोन बोटांनी मोठे करून बघायचा आणि सुस्कारे सोडायचा. मिलिंद बीडमध्ये एका कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवतो आणि मी कोर्टात स्टेनो आहे. त्याचा धंदा बोलण्याचा आणि माझा ऐकून उतरवण्याचा, त्यामुळे संसार बरा चाललाय.

मिलिंदला निशाचर प्राण्यांचा नाद आहे. त्यासाठी त्याने हाताएवढ्या लेन्सचा जुना कॅमेरा घेतला, आणि एक जांभळ्या उजेडाचा टॉर्च. या सामग्रीनिशी त्याने वर्षभरात गच्चीवरून दोन वन्यप्राणी टिपले होते. एक वटवाघूळ आणि दुसरी शेजारच्या देशपांडे काकूंची मांजर. वटवाघळाबद्दल मला अजून शंका आहे.

अशात त्याच्या मावशीचा फोन आला. मुक्तामावशी आष्टी तालुक्यात कड्याच्या पुढे एका गावात राहते. मुलगा चाकणला कंपनीत, ही इथे दोन गाई आणि एक कालवड घेऊन.

"मिल्या, आमी छावनीवर हाव महिना झाला. हितं रातच्याला लई जनावरं येयलेत बघ पान्याला. कोल्हं, खोकड, अजून काय काय. तुला लई नाद हाय ना? ये की मग. वैशालीलाबी घेऊन ये."

ज्यांना छावणी माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. दुष्काळात गावात चारा राहत नाही, पाणी राहत नाही, तेव्हा सरकार चारा छावणी मंजूर करतं, एखादी संस्था ती चालवते, आणि शेतकरी आपली जनावरं तिथे नेऊन बांधतात. जनावरं एकटी राहत नाहीत म्हणून माणसंही तिथेच राहायला जातात. मुक्काम, जेवण, उघडं आकाश आणि रात्रीचे वन्यप्राणी, सगळं एका ठिकाणी. रिसॉर्टवाले याला पॅकेज म्हणतात.

मिलिंदने त्याच रात्री बॅग भरली.

तुम्हाला जायचं असेल तर बीडच्या स्टँडवरून नगरकडे जाणारी एस.टी. धरा आणि कड्याला उतरा. सकाळची पहिली गाडी घ्या. दुसरी घेतलीत तर खिडकीची काच तव्यासारखी तापते आणि बंद केली तर आपणच भाकरी होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं आणि ते मैलोन्‌मैल होतं. काळी रानं, वाळलेल्या बाभळी, कोरड्या ओढ्यावरचे भक्कम पूल. समोरून येणारी दर दुसरी गाडी टँकर. एका गळक्या टँकरच्या मागे चिमण्यांचा थवा उडत चालला होता, थेंब हवेतच झेलत. मिलिंदने कॅमेरा काढेपर्यंत टँकर, चिमण्या आणि गळती, तिन्ही वळणाआड गेले.

कड्याला कारखान्याचं धुराडं लांबूनच दिसतं. धूर नव्हता. हंगाम संपलेला, आणि पुढच्या हंगामाचा ऊस जनावरांच्या पोटात. स्टँडजवळ गरम भजी आणि चहा मिळाला. भजी चांगली, चहा गोड, पाणी मात्र मागून घ्यावं लागतं आणि देणारा आपल्याकडे एकदा नीट बघून घेतो. पाण्याच्या बाटल्या बीडहूनच न्या, ही या लेखातली एकमेव उपयोगी सूचना समजा.

पुढे काळी-पिवळी जीप. ड्रायव्हरने विचारलं, "कुठं?"

"छावणीवर," मिलिंद म्हणाला.

"छावनीला चाललाव आन जनावर कुठाय तुमचं?"

"आम्ही जनावरं बघायलाच चाललोय. रात्रीची."

ड्रायव्हरने गिअर टाकला. "त्येच्यासाठी बीड सोडून हितं कावून आलाव? तिथं कमी हायेत व्हय?"

मागच्या बाकावरची सगळी माणसं हसली. मिलिंदही हसला, पण जरा उशिरा.

छावणी गावाबाहेर माळावर होती. उसाचं पाचट आणि हिरवी जाळी टाकून केलेल्या सावल्यांच्या लांब रांगा, खाली गाई, बैल, म्हशी, आणि प्रत्येक दावणीच्या टोकाला एक संसार. बाज, चूल, ट्रंक, पाण्याचा ड्रम, दोरीवर वाळणारं लुगडं. शेणाच्या धुराचा वास इतका दाट की पहिल्या तासात डोळ्यांतून पाणी येतं. एका गावातलं सगळं पाणी आटल्यावर निदान एवढं तरी उरतं.

छावणी गावच्या सहकारी दूध सोसायटीने चालवली होती. सोसायटीत त्या वर्षी दूध नव्हतं. चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि संचालक मंडळ मात्र पुरेपूर होतं. ते आटत नाही. चेअरमनना सगळे आप्पा म्हणत. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात गमजा, आणि एका मंडपात कर्णा. कर्ण्यावरून ते दिवसभर सूचना देत. चारा वाटप सुरू झालं की सांगत, बंद झालं की सांगत, आणि मध्ये काहीच होत नसलं तर तेही सांगत.

मुक्तामावशीने आम्हाला बघून पहिल्यांदा मिलिंदच्या लेन्सकडे बोट केलं. "ह्यो भोंगा कशाला आनलास?" मग मला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि आपली बाज झटकून दिली. सुंभाने विणलेली, नवऱ्याने केलेली, जुनी पण घट्ट. ती स्वतः खाली पोत्यावर झोपते म्हणाली. मी नको नको म्हणाले, पण मराठवाड्यात पाहुण्याचं नको हा होकारच धरतात.

जेवण ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजक्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी आणि ठेचा. याची चव कशी होती हे लिहिलं तर लोक उद्या छावणीवर गर्दी करतील, म्हणून लिहीत नाही.

अंधार पडला आणि सफारी सुरू झाली. मिलिंदने आधी जांभळा टॉर्च काढला. त्या उजेडात विंचू हिरवा चमकतो, हे त्याने भोवती जमलेल्या दहा-बारा जणांना कारणासकट समजावून सांगितलं. मग टॉर्च लावून जमिनीवर फिरवला. बाजेच्या पायाशी एक हिरवा ठिपका. ट्रंकेखाली दोन. चुलीच्या दगडात एक मोठा, नांगी वर केलेला, जत्रेतल्या रेडियमच्या खेळण्यासारखा. टॉर्च जिथे जाईल तिथे हिरवं.

मग बायकांनी पोरं उचलून बाजांवर ठेवली, पुरुषांनी चपला झटकल्या, आणि ज्यांच्याकडे बाज नव्हती ते उभे राहिले. त्या रात्री छावणीत जनावरं बसून होती आणि माणसं उभी.

"आरं, इतकी वर्सं ते आन आमी सुखानं नांदत हुतो," मावशी म्हणाली. "तू उजेड कावून पाडलास?"

पुढे आम्ही दोघं पाण्याच्या हौदापासून लांब, पाचटाच्या गंजीआड बसलो. आणि इथे मला जरा उपरोध बाजूला ठेवावा लागतो, कारण ते खरंच सुंदर होतं. रातवा पक्षी ओरडत होता. फरशीवर गोटी पडावी आणि टपटपत, वेग वाढत, थांबावी तसा आवाज. बाभळीवर पिंगळ्यांचं जोडपं एकमेकांशी भांडत होतं. त्या भांडणात दोघंही एकदम बोलत होते, म्हणजे नवराबायकोच. मग हौदाच्या कडेला जिथे पाणी सांडून डबकं झालं होतं तिथे काहीतरी हललं. खोकड. मांजरापेक्षा थोडं मोठं, अंगाच्या मानाने कान फार मोठे, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. दोन घोट प्यायचं, मान वर, कान फिरवायचे, पुन्हा दोन घोट. त्याच्या जिभेचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

मिलिंदने श्वास रोखून शटर दाबलं. खटक. खोकड गेलं. फोटोत हौद फार छान आलाय.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आरडाओरडा. मावशीच्या पलीकडच्या दावणीवर ज्ञानोबा आणि त्याची बायको गोदाबाई राहत. चार एकरांचे शेतकरी, एक म्हैस, एक बैल, एक वासरू. वासरू नाहीसं झालं होतं. छावणीमागच्या बांधापलीकडे ओढत नेल्याच्या खुणा होत्या आणि पुढे ओढ्यात थोडं रक्त, थोडे केस.

"बिबट्यानं नेलं!" ज्ञानोबा ओरडत होता. "जित्तं वासरू नेलं माझं!"

मग जे व्हायचं ते झालं. न्याहारीच्या वेळी बिबट्या कुत्र्यापेक्षा मोठा होता, दुपारपर्यंत बैलाएवढा झाला, आणि चहाला त्याला मादी व दोन पिल्लं झाली. आप्पांनी कर्ण्यावरून सांगितलं, "घाबरून जाऊ नका. सोसायटी तुमच्या पाठीशी हाय." ज्याला भीती वाटत नव्हती त्यालाही ती त्या क्षणी वाटली. वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मागायची, असंही ठरलं. गोदाबाई मात्र चुलीपुढे गप्प बसून होती. तिने दिवसभरात एकदाही डोकं वर केलं नाही.

दुपारी मी मावशीबरोबर शेण भरत होते. मी विचारलं, "मावशी, बिबट्या असेल?"

"कसला बिबट्या. तरस हाय ते. मी बघिटलंय दोन डाव. फुडून उंच, मागून बसकं, अंगावर पट्टं. मेल्यालं नेतंय." तिने पाटी खाली ठेवली. "तुला सांगते. आठ दिवसाखाली एक गाय मेली हितं. आप्पा माझ्याकडं आले. मला म्हंतेत, मुक्ताबाई, तुमच्यातलं कुनी बघा की, गाय कडंला न्यायची हाय."

मी हातातलं शेण तसंच धरून थांबले. आमच्या घरी हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मेलेली ढोरं ओढणं हे गावाने आमच्या माणसांच्या वाट्याला दिलेलं काम होतं. छप्पनला दीक्षा घेतली तेव्हा आमच्या आज्यांनी ते टाकलं, आणि टाकल्याबद्दल जे सोसायचं ते सोसलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हनलं आप्पा, ते काम माझ्या बापानं सोडलं. आता त्या जागी दुसरा गडी लागलाय. पगार न्हाई, भत्ता न्हाई, रातीचा येतो आन रातीचाच जातो. त्येला सोसायटीचा मेंबर करून घ्या." ती हसली. हसता हसता तिने पाटी पुन्हा उचलली. "दुसऱ्या दिशी गाय न्हवती तिथं. त्येनं नेली."

त्या रात्री पाण्याचा टँकर उशिरा आला. भरण्याच्या ठिकाणी वीज नव्हती म्हणे. टँकर छावणीपासून शंभरेक पावलांवरच्या विहिरीत रिकामा होतो, आणि मग तिथून गाव आणि छावणी दोघंही पाणी शेंदतात. विहीर रुंद आणि दोन पुरुष खोल, तळाला नुसता चिखल. एका बाजूचं बांधकाम ढासळून आत दगडांचा ढीग पडलेला.

ड्रायव्हरने टँकर मागे घेतला, पाइप सोडायला विहिरीत बॅटरी मारली, आणि जो ओरडला तो छावणीच्या शेवटच्या दावणीपर्यंत ऐकू गेला.

"डोळं! आत डोळं हायेत!"

सगळी छावणी पळाली. आम्हीही पळालो, मिलिंद कॅमेऱ्यासकट, मी चपलेशिवाय. वीस-पंचवीस बॅटऱ्या एकदम विहिरीत वाकल्या आणि खाली, दगडांच्या ढिगावर, ते उभं होतं. चिखलाने माखलेलं. मानेवरचे केस ताठ झालेले, कान टोकदार, पायांवर काळे पट्टे. उजेडाच्या गर्दीत ते एका बाजूला सरकायचं, मग दुसऱ्या, पण उजेड नव्हता अशी जागाच आत नव्हती.

"तरस!" मिलिंदचा आवाज चिरकला. "पट्टेरी तरस आहे!"

"बिबट्या न्हाई व्हय?" मागून कुणीतरी विचारलं. आवाजात इतकी निराशा की जणू तिकिटाचे पैसे परत हवे होते.

ज्ञानोबाने डोक्याएवढा दगड उचलून आणला. "बाजूला व्हा. माझं वासरू खाल्लंय ह्येनं."

"थांब बे," आप्पा म्हणाले. "असं एकट्यानं न्हाई करता येत. ही तातडीची सभा समजा."

आणि खरोखर, विहिरीच्या काठावर, रात्री, सभा भरली. पहिली सूचना दगडांनी मारण्याची आली. दुसरी, पेटतं पाचट आत टाकण्याची. तिसरी सूचना एका संचालकांची, टँकर आत सोडून द्यावा, म्हणजे जनावर पोहत वर येईल. न आलं तर प्रश्नच मिटला. त्यावर एका बाईने विचारलं की मग ते पाणी पिणार कोण, संचालकसाहेब की त्यांची बायको. एक जण, शपथेवर सांगते, कोरम पूर्ण आहे का असं विचारत होता. टँकरचा ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "मला फुडं अजून एक गाव हाय. लवकर सांगा, न्हाईतर मी चाललो." तो गेला असता तर पाणी दोन दिवसांनी आलं असतं. बायकांचे चेहरे त्या वाक्यागणिक बदलत होते. खाली ते जनावर गोल गोल फिरत होतं आणि दर फेरीला एक दगड ढासळत होता.

मिलिंदने आप्पांच्या मंडपातल्या पाटीवरून दुपारीच वनरक्षकांचा नंबर उतरवून घेतला होता. त्याने फोन लावला, आणि या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं सगळं ऐकून घेतलं. मग सगळ्यांना सांगितलं, "गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलीय, यायला पहाट होईल. ते म्हणतात दगड मारू नका. शिडी नाहीतर बाज तिरपी आत सोडा, बॅटऱ्या बंद करा आणि सगळे लांब जा. ते आपलं आपण वर येऊन निघून जाईल."

"म्हंजे," आप्पांनी विचारलं, "आपुन काहीच करायचं न्हाई?"

"नाही."

आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हुरूप दिसला. त्यांच्या मंडळाला या कामाचा दांडगा अनुभव होता.

पण ज्ञानोबाने दगड टाकलाच. तो भिंतीला लागून फुटला आणि तुकडे तरसाच्या पायांवर उडाले. तरस दचकून मागे सरकलं आणि एक आवाज काढला. ते गुरगुरणं नव्हतं. दार लागलेल्या खोलीतून येतो तसा, दबलेला, लांबट. ज्ञानोबा दुसरा दगड घ्यायला वळला आणि गोदाबाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"बास करा," ती म्हणाली. "ह्येनं न्हाई मारलं. सांजच्यालाच मेलं हुतं ते."

बॅटऱ्या विहिरीतून तिच्याकडे वळल्या.

"मेलं हुतं," ती पुन्हा म्हणाली, आता सगळ्यांना. "पोट फुगून मेलं. कुनाला सांगावं? कोन वढाय येनार? आमीच दोघांनी अंधारात वढत नेलं बांधापल्याड. कुनी बघू नये म्हून. सकाळी ह्ये म्हनाले बिबट्या म्हनू."

ज्ञानोबा मटकन खाली बसला. भरपाईचं राहू द्या. आपण आपल्या हातांनी मेलेलं ढोर ओढलं हे गावाला कळलं, याचीच त्याला जास्त लाज वाटत होती. मला वाटलं मुक्तामावशी आता काहीतरी बोलणार, आणि बोलायचा तिला पूर्ण हक्क होता. मी स्टेनो आहे. कोर्टात अशा वेळी माझी पेन्सिल तयार असते.

मावशी गोदाबाईजवळ गेली. "गोदे, मला हाक मारायचीस. वढाय न्हाई आले असते. पर बसले असते तुझ्याजवळ."

मग आप्पांकडे वळली. "आन तुमी. ह्येला मारा, न्हाई कोन म्हनतंय? पर उद्या ढोर मेलं की कोन वढनार तेवढं आज सभेत ठरवा. नाव लिवा. तुमचंच लिवू का पयलं?"

आप्पांनी गमज्याने तोंड पुसलं. "बाज आना रं कुनीतरी," ते म्हणाले.

बाज मावशीची आली. दोरांसाठी लोक इकडेतिकडे बघत होते तेव्हा ज्ञानोबा उठला, आपल्या दावणीवर गेला आणि दोन कासरे घेऊन आला. वर वासराचं दावंही. "घ्या," म्हणाला, "आता ते रिकामंच हाय." चौघांनी बाज आडवी आत सोडली, ढिगापासून काठापर्यंत तिरपी टेकवली आणि दोर बाभळीला बांधले. तरस समोरच्या भिंतीला चिकटून बघत होतं.

आता फक्त माणसांनी जायचं होतं. आणि माणसं जाईनात. आप्पांनी सांगून बघितलं, मिलिंदने वनरक्षकांच्या नावाने सांगितलं, मावशीने शिव्या दिल्या. लोक दहा पावलं मागे जात आणि बारा पुढे येत. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांनी जावं, आपण एकटे असलो तर काय बिघडतं. मिलिंदसुद्धा एका बाभळीआड लेन्स रोखून उभा होता.

मला कोर्टात एक गोष्ट कळलीय. माणसं हुकमाने हलत नाहीत, दुसरीकडे आपल्या नावाचा पुकारा झाला की हलतात. मी टँकरच्या ड्रायव्हरकडे गेले. म्हटलं, "भाऊ, टँकर छावणीवर घ्या. तिथेच ड्रममध्ये आणि हौदात वाटा. हॉर्न वाजवत जा."

"मला विहिरीवर रिकामा केल्याची सही लागती."

"आप्पा देतील." आप्पांनी मान हलवली, सह्या देण्यात ते कधीच मागे नव्हते.

टँकर सुरू झाला, हॉर्न वाजला, कुणीतरी ओरडलं, "पानी छावनीवर वाटायलेत!" आणि विहिरीचा काठ रिकामा झाला. इतका झपाट्याने की एक चप्पल तिथेच राहिली. जे वनखात्याला, आप्पांना आणि जीवदयेला जमलं नव्हतं ते घागरींनी केलं. मी मिलिंदचं मनगट धरलं. "तूही."

"वैशाली, पट्टेरी तरस. माझ्या आयुष्यात पुन्हा..."

"तू असशील तर ते येणार नाही."

त्याने बाभळीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, लेन्सवर टोपण लावलं आणि आला. मावशीने त्याच्या हातात ड्रम दिला आणि माझ्या कमरेवर घागर ठेवली. तासभर तिथे जी झुंबड झाली तिला सभेची शिस्त नव्हती. भांडणं झाली, पाइप हिसकला गेला, एका म्हशीने ड्रम सांडला. पण टँकर संपला तेव्हा सगळ्यांकडे थोडं थोडं पाणी होतं.

पहाटे वनखात्याची माणसं आली. बाज रिकामी होती. सुंभात चिखल आणि राखाडी केसांचे झुपके, काठावर पंजांचे ठसे, आणि माळाकडे गेलेली सरळ वाट. ठसे बघून ते म्हणाले, जनावर सुखरूप गेलं. आप्पांनी लगेच कर्ण्यावरून जाहीर केलं की सोसायटीच्या अथक प्रयत्नांमुळे तरसाची सुटका झाली आहे. मावशीने बाजेला लिंबाच्या पाल्याचा धूर दिला, दोनदा धुतली, तिसऱ्यांदा पाणी वाया जाईल म्हणून तशीच ठेवली. आम्हाला निरोप देताना ती गोदाबाईच्या चुलीपुढे बसून होती. म्हशीला चारा घालायची वेळ झाली तेव्हा दोघी उठल्या.

बीडला आलो, आंघोळ केली, तिसऱ्या दिवशीपर्यंत केसांतून धुराचा वास गेला. मिलिंदने मित्रांना सगळी हकीकत सांगितली. पहिला प्रश्न एकच, फोटो कुठाय? त्याने हौदाचा फोटो दाखवला. वाघवाल्या मेव्हण्यांपैकी एकाने तो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि मोबाईल परत दिला.

इथपर्यंतचं मिलिंदला माहीत आहे. पुढचं नाही.

त्या रात्री मी चौथी घागर घेऊन छावणीच्या मागच्या हौदाकडे गेले होते. तिकडे कुणी नव्हतं. घागर खाली ठेवून कंबर सरळ केली आणि समोर बघितलं. बांधावर, चांदण्यात, ते उभं होतं. माझ्यापासून एखाद्या वर्गखोलीएवढ्या अंतरावर. चिखल वाळून अंगाला चिकटलेला. त्याने कुत्र्यासारखं अंग झाडलं, एकदा शिंकलं, आणि माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही, रागानेही नाही. रस्त्यात अनोळखी माणसाकडे बघतो तसं. मग ते बांध उतरून चालू लागलं. पळालं नाही. त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी तिथे उभी होते.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मिलिंदने त्याच्या पुढच्या पायांची लांबी विचारली असती, मित्रांनी फोटो विचारला असता, आप्पांनी ठराव केला असता. रोज दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेणाऱ्या बाईला कधीतरी न उतरवलेलं असं काहीतरी हवं असतं. एवढंच. आणि मिलिंद तेव्हा झुंबडीत ड्रम घेऊन उभा होता, कॅमेरा पाठीवर टाकून. बाभळीआडून निघून आलेल्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं, ते मला कळत नव्हतं.

माझे लेख छापण्याआधी मिलिंद वाचतो, शुद्धलेखनासाठी. आज दुपारी हाही इथपर्यंत लिहून त्याच्या मोबाईलवर दिला आणि मी स्वयंपाकघरात येऊन बसले. मग तो दारात येऊन उभा राहिला, हातात मोबाईल तसाच.

"लंगडत होतं का गं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "नीट चालत होतं."

"मला वाटलं होतं ज्ञानोबाच्या त्या दगडाने पाय गेला असेल." त्याने एक मोठा श्वास सोडला. "रोज वाटायचं."